उधारीचा आत्मविश्वास : लाइव्हस्ट्रीमिंगवरचे दोन माहितीपट

'कॅमेऱ्यासमोर कॉन्फिडन्स कसा आणायचा?' लाइव्ह जाऊन पैसे कमावू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो आणि त्याची उत्तरं यूट्यूबवर ढिगाने मिळतात. आरशासमोर बोलायचा सराव करा. रोज ठरलेल्या वेळी लाइव्ह या. दहा जण बघत असले तरी हजार जण बघतायत असं समजून बोला. हार मानू नका. हे सल्ले वाईट नाहीत. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे आत्मविश्वास आणि मोटिव्हेशन या माणसाच्या आतल्या गोष्टी आहेत. ज्याच्याकडे त्या आहेत तो टिकतो, ज्याच्याकडे नाहीत तो दोन महिन्यांत गायब होतो. म्हणजे जो गायब झाला, तोच कुठेतरी कमी पडला.

हे गृहीतक तपासून बघायचं असेल तर दोन माहितीपट पाठोपाठ बघावेत. पहिला हाओ वू यांचा 'पीपल्स रिपब्लिक ऑफ डिझायर' (२०१८), दुसरा झू शेंगझे यांचा 'प्रेझेंट.परफेक्ट.' (२०१९). दोन्ही चीनमधल्या लाइव्हस्ट्रीमर्सबद्दल आहेत. लाइव्हस्ट्रीमिंग हा लाखो लोकांचा पोटापाण्याचा धंदा आधी तिथे झाला, त्यामुळे या धंद्यात माणसाचं काय होतं हेही आधी तिथेच दिसलं. दोन्ही फिल्म्सना मोठे पुरस्कार मिळाले. पहिलीला अमेरिकेतल्या एसएक्सएसडब्ल्यू महोत्सवात ज्युरीचा सर्वोच्च माहितीपट पुरस्कार, दुसरीला रॉटरडॅम महोत्सवाचा टायगर पुरस्कार. विषय एकच असूनही दोघी एकमेकींशी भांडतात असं मला वाटतं आणि त्या भांडणात मी दुसरीच्या बाजूने आहे. पण पहिलीशिवाय दुसरी कळत नाही, म्हणून सुरुवात पहिलीपासून.

बोली लागते ती जागा

हाओ वू फिल्ममेकर होण्याआधी टेक कंपन्यांमध्ये नोकरी करत होते. ते फिल्ममध्ये जाणवतं. स्ट्रीमरच्या चेहऱ्याइतकंच त्यांचं लक्ष चेहऱ्यामागच्या यंत्रणेवर असतं. त्यांनी निवडलेला प्लॅटफॉर्म म्हणजे वायवाय. २००८ साली गेमर्सना एकमेकांशी बोलता यावं म्हणून सुरू झालेली ही सेवा. पुढे लोक त्यावर गाणी म्हणू लागले, गप्पा मारू लागले, ऐकणारे त्यांना व्हर्च्युअल भेटवस्तू देऊ लागले आणि २०१२ मध्ये कंपनी नॅसडॅकवर गेली.

काम कसं चालतं ते फिल्म नीट उलगडून दाखवते. प्रत्येक स्ट्रीमरची एक 'रूम' असते. रूममधले प्रेक्षक खरे पैसे देऊन व्हर्च्युअल भेटी विकत घेतात आणि स्ट्रीमरला देतात. भेट मोठी असेल तर स्क्रीनवर तिचं ॲनिमेशन झळकतं, देणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसतं, स्ट्रीमर नाव घेऊन आभार मानतो. त्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा प्लॅटफॉर्म ठेवून घेतो, उरलेल्यात स्ट्रीमर आणि त्याची एजन्सी. प्रेक्षकांचेही दोन थर आहेत. एकीकडे 'तूहाओ', म्हणजे हातात नवा पैसा खुळखुळणारे आणि तो दाखवायची हौस असणारे. दुसरीकडे 'द्याओसी'. हा शब्द मुळात शिवी आहे, पण गावाकडून शहरात आलेल्या, तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या, लग्न जमत नसलेल्या पोरांनी तो स्वतःहून अंगावर घेतला. द्याओसी गर्दी करतात, तूहाओ पैसा उडवतात. गर्दीला फुकटात तमाशा बघायला मिळतो, उडवणाऱ्याला गर्दीसमोर मोठेपणा मिळतो.

यात मध्यभागी उभी असलेली दोन माणसं फिल्मची नायक-नायिका आहेत. शेन मान एकवीस वर्षांची, पूर्वी नर्स होती, आता गाणी म्हणते, गप्पा मारते. बिग ली चोवीस वर्षांचा, कामासाठी गाव सोडून शहरात आलेला, रांगडा, विनोदी. तो स्वतःला द्याओसी म्हणवतो आणि लाखो द्याओसी त्याला आपला माणूस मानतात. दोघंही महिन्याला हजारो डॉलर कमावतात. शेन मानच्या कमाईवर वडिलांसकट घर चालतं.

मराठी वाचकाला या व्यवस्थेत एक ओळखीची गोष्ट दिसेल. संगीत बारीत दौलतजादा होतो तेव्हा जवळपास हेच घडतं. पैसे देणारा सगळ्यांसमोर देतो, फर्माईश करतो, कलावंतीण पुढे येऊन पैसे घेते. देणाऱ्याला गाणं हवं असतं आणि चार लोकांनी आपल्याला देताना बघावं हेही हवं असतं. तिथल्या जातीच्या उतरंडीकडे आणि बायकांच्या शोषणाकडे डोळेझाक करून त्या परंपरेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक फरक महत्त्वाचा आहे. बारीतल्या बाईकडे दौलतजादाच्या पलीकडचा एक मापदंड असतो. लावणीची अदा बसली की नाही, ठेका सुटला की नाही, हे तिला कळतं, तिच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याला कळतं, समोरच्या जाणत्यालाही कळतं. एखाद्या रात्री पैसे कमी पडले तरी 'आज मी चांगली गायले' असं ती म्हणू शकते आणि तिच्या म्हणण्याला साक्षीदार असतात.

शेन मान हे म्हणू शकत नाही. ती गाते, पण बरी गायली म्हणून तिला भेटी मिळतात असं कुणीच, तीसुद्धा, मानत नाही. लीचं कौशल्य नेमकं कशात आहे हे तर सांगणंच कठीण. तो बोलतो, ओरडतो, हसवतो, चाहत्यांना 'भावांनो' म्हणतो. असं काम चांगलं झालं की वाईट, हे ठरवायला आकड्याशिवाय दुसरं काही उरतच नाही. आज किती आले, किती पडले, यादीत कितवा नंबर.

विश्वास कुणाच्या खात्यात

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'स्व-क्षमते'ची कल्पना मांडली. आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास कुठून येतो, याचे त्यांनी चार उगम सांगितले. आपण स्वतः ती गोष्ट करून बघितलेली असणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, लोकांनी 'तुला जमेल' असं म्हणणं आणि आपल्या शरीर-मनाची त्या वेळची स्थिती. यांतला पहिला सगळ्यांत पक्का. सायकल एकदा आली की कुणी काही म्हणो, 'मला येते' हे माहीत असतं. लोकांच्या शाबासकीवर उभा राहिलेला विश्वास त्यामानाने कच्चा. शाबासकी थांबली की तोही डळमळतो.

आता हे लाइव्हस्ट्रीमिंगला लावून बघा. स्वतः करून बघून आलेला अनुभव इथेही मिळतो, पण काय जमलं हे सांगणारी खूण म्हणजे पुन्हा लोकांनी दिलेली भेटच. पक्का उगम कच्च्यात मिसळून जातो. लीला काल लाख लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणून त्याला 'मला जमतं' असं वाटतं आणि आज कमी आले म्हणून 'मला जमत नाही' असं वाटतं. मधल्या चोवीस तासांत त्याच्या कामात काहीच बदललेलं नसतं. बदललेलं असतं ते दुसऱ्या रूममध्ये. तिथे कुणीतरी श्रीमंत माणूस येऊन पैसे ओतून गेलेला असतो.

आपण 'आत्मविश्वास' म्हणतो तेव्हा त्यातला 'आत्म' शब्द उगाच आलेला नाही. या धंद्यात मात्र विश्वास स्वतःच्या नावावर जमा होत नाही. तो रोज सकाळी प्लॅटफॉर्मकडून उचल घेतल्यासारखा घ्यावा लागतो आणि उचल कधी बंद होईल हे सांगता येत नाही. म्हणूनच या फिल्ममधली माणसं स्ट्रीमवर असताना दणकट आणि स्ट्रीम बंद झाल्यावर रिकामी दिसतात. ती मुळात कमकुवत आहेत म्हणून नव्हे. एकवीस-चोवीस वर्षांच्या वयात अख्ख्या घराचा भार उचलणारी ही मुलं आहेत, त्यांना कमकुवत म्हणायला धाडस लागेल. त्यांच्या आत्मविश्वासाचा दिवा ज्या मीटरवर चालतो, तो दुसऱ्याच्या घरात बसवलेला आहे इतकंच.

मोटिव्हेशनची गोष्टही अशीच. १९७१ मध्ये एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या फेरीत दर कोड्यामागे एक डॉलर दिला, दुसऱ्याला काहीच नाही. नंतर पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण कोड्यांशी खेळतं ते पाहिलं. पैसे मिळालेल्या गटाचा रस कमी झाला होता. दोन वर्षांनी लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस मिळणार असं आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर आपणहून चित्रं कमी काढू लागली. ज्यांना न सांगता, अचानक बक्षीस मिळालं, त्यांच्यात हा फरक पडला नाही. या प्रयोगांवर पुढे बराच वाद झाला आणि पैसे मिळाले की आवड मरते असा सरधोपट नियम त्यातून काढता येत नाही. पण दुसऱ्या प्रयोगातला भेद इथे फार उपयोगी आहे. अनपेक्षित बक्षीस खुश करतं आणि निघून जातं. अपेक्षित बक्षीस कामाचं कारणच बदलून टाकतं.

प्रत्येक स्ट्रीमरच्या आयुष्यात पहिली भेट अनपेक्षित असते. कुणीतरी अनोळखी माणूस आपलं बोलणं ऐकून चार पैसे देतो, याचा आनंद खोटा नसतो. शंभराव्या भेटीपर्यंत ती अपेक्षित झालेली असते आणि आली नाही की कुठे चुकलं याचा शोध सुरू होतो. 'पीपल्स रिपब्लिक ऑफ डिझायर'मध्ये आपण ली आणि शेन मान यांना भेटतो तेव्हा ते या टप्प्याच्याही पुढे गेलेले आहेत. आता भेटी येतात त्या हिशोबासकट. चाहत्यांनी एवढं दिलंय म्हणून जिंकलं पाहिजे. एजन्सीने पैसा लावलाय म्हणून जिंकलं पाहिजे. घरच्यांचं भागायला हवं म्हणून थांबता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे जबरदस्त मोटिव्हेशन वाटतं. आतून ते कर्जदाराचं धावणं आहे.

फिल्म कुणाच्या तराजूने मोजते

या फिल्मचा कणा म्हणजे वायवायची वार्षिक स्पर्धा. चाहते पैसे देऊन मतं विकत घेतात आणि त्यावरून वर्षाचे सर्वोत्तम स्ट्रीमर ठरतात. इथे वू यांनी फार मोलाची गोष्ट पकडली आहे. मतं फक्त चाहते विकत घेत नाहीत, एजन्सीसुद्धा आपल्या माणसासाठी प्रचंड पैसा लावतात. ती त्यांची गुंतवणूक असते, जिंकलेल्या स्ट्रीमरकडून पुढे वसूल होणारी. म्हणजे ज्या आकड्याला स्ट्रीमर 'लोकांचं प्रेम' समजतो, त्यातला एक भाग धंद्यातल्याच माणसांनी फुगवलेला असतो. लीच्या मागे गर्दी आहे, पण समोरच्याच्या मागे पैसा आहे. मग लीच्या वाट्याला हार येते, तो रडतो आणि त्याच्यासोबत त्याची पोरंही रडतात. आपलाच माणूस, आपल्यासारखाच, आणि त्याला जिंकवायलाही आपले पैसे पुरले नाहीत. हा प्रसंग बघून पोटात कालवतं.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. स्पर्धा हा प्लॅटफॉर्मने आखलेला खेळ आहे. वू ती स्पर्धाच फिल्मची गोष्ट म्हणून घेतात. कोण पुढे, कोण मागे, शेवटच्या मिनिटाला काय होणार. आकडे वाढताना दिसतात, चकचकीत थ्रीडी ॲनिमेशनमधून आभासी रूम्स उभ्या राहतात, संगीत चढत जातं. आपण खुर्चीत पुढे सरकून बसतो आणि ली जिंकावा असं मनापासून वाटू लागतं. म्हणजे दीडेक तास आपणही त्या रूममधले प्रेक्षक होतो. फिल्म सांगत असते की हा खेळ माणसाला खातो, शेवटी प्लॅटफॉर्मच जिंकतो. पण तीच फिल्म आपल्याला तोच खेळ खेळायला लावते आणि त्यात मजाही आणते.

कुणी म्हणेल, हीच तर फिल्मची ताकद आहे, प्रेक्षकाला गुंतवल्याशिवाय गुंतणं म्हणजे काय हे कळणार कसं? हा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. कारण या मांडणीची किंमत शेन मान आणि लीला चुकवावी लागते. स्पर्धेत ज्याला जागा नाही असं त्यांचं बरंचसं आयुष्य फिल्मच्या कडेला ढकललं जातं. नर्स असताना शेन मान कशी होती? रुग्णाची सलाईन लावताना तिला 'हे मला जमतं' असं वाटायचं का? ली गप्पा मारताना लोकांना बरं का वाटतं, त्याच्या बोलण्यात नेमकं काय आहे? आकड्याबाहेरचा आत्मविश्वास कुठे शिल्लक असेल तर तो अशाच जागी असेल. फिल्म तिकडे जेमतेम वळते. ती या दोघांकडे सहानुभूतीने बघते, पण मोजते मात्र वायवायच्याच तराजूने.

आकडे काढून टाकले तर

झू शेंगझे यांनी उलटी वाट धरली. त्यांची आधीची फिल्म 'अनदर इयर' (२०१६) एका स्थलांतरित कामगार कुटुंबाची तेरा जेवणं दाखवते. कॅमेरा एका जागी, घरचे जेवतायत, बोलतायत, भांडतायत. कुणाचंही आयुष्य पुरेसा वेळ बघत राहिलं तर बघण्यासारखं असतं, ही त्यांची श्रद्धा आहे. 'प्रेझेंट.परफेक्ट.'साठी त्यांनी स्वतः काहीच शूट केलं नाही. चिनी स्ट्रीमर्सचे आठशे तासांहून जास्त लाइव्ह व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवले आणि त्यातून दोन तासांची फिल्म कापली. त्या काळात, २०१७ मध्ये, चीनमध्ये लाइव्हस्ट्रीम बघणाऱ्यांची संख्या ४२ कोटींच्या घरात होती. एवढ्या गर्दीत झू यांनी निवडले ते जवळपास कुणीच बघत नाही असे स्ट्रीमर.

उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून खालचं शहर दाखवणारा ऑपरेटर. अंतर्वस्त्रांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम करता करता बोलणारी बाई. भर रस्त्यात नाचणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे टोमणे ऐकणारा माणूस. चेहरा भाजलेला एक जण. शरीराची वाढ थांबल्यामुळे तिशीतही पोरगेला दिसणारा एक जण. सगळं चित्र कृष्णधवल केलेलं आणि स्क्रीनवर एरवी जी जत्रा भरलेली असते, ती जवळजवळ पुसलेली. स्ट्रीमर कॉमेंट वाचून उत्तर देतो तेव्हा विचारणारा आपल्याला दिसत नाही, फक्त उत्तर ऐकू येतं.

या एका निर्णयाने फिल्म बदलून जाते. आकडा दिसत नसल्यामुळे कोण यशस्वी आणि कोण अपयशी हे आपल्याला ठरवताच येत नाही. मग आपण माणूस काय करतोय ते बघू लागतो. शिवणयंत्रावरच्या बाईचे हात थांबत नाहीत. तिचं बोलणं आणि शिवणं एकाच लयीत चालतं, दोन्ही तिला येतं. क्रेन ऑपरेटर आपल्या कामाची जागा दाखवतो तेव्हा त्याच्या आवाजात घर दाखवणाऱ्या माणसाचा अभिमान आहे. भाजलेल्या चेहऱ्याचा माणूस त्याच्या चेहऱ्याबद्दलच्या प्रश्नांना न चिडता उत्तरं देतो. यात चमकदार कॉन्फिडन्स कुठेच नाही. पण 'मी इथे आहे आणि मला बोलायचं आहे' एवढी खात्री प्रत्येकाकडे आहे. शेन मानच्या रूममध्ये मला ती सापडली नव्हती.

फिल्मचं नाव इंग्रजी व्याकरणातल्या काळावरून घेतलंय. शाळेत आपण त्याला 'पूर्ण वर्तमानकाळ' म्हणून शिकलो. मी केलं आहे, मी पाहिलं आहे. झू यांनी त्या दोन शब्दांमध्ये आणि शेवटी पूर्णविराम टाकले. वर्तमान वेगळा झाला, पूर्ण वेगळा झाला. लाइव्ह जाणाऱ्या माणसाचा वर्तमान कधी पूर्ण होत नाही, तो उद्या पुन्हा सुरू करावा लागतो, हे त्या पूर्णविरामांत आलं आहे.

या फिल्मवर मोठा आक्षेप घेता येतो आणि तो टाळू नये. झू यांनी भेटी आणि कॉमेंट्स पुसल्या म्हणून त्या माणसांच्या आयुष्यातून पुसल्या गेल्या नाहीत. या लोकांनाही भेटी हव्यात. तेही बघणारे मोजत असणार. भाजलेल्या चेहऱ्याच्या माणसाला लोक बघतात ते कुतूहलापोटीच, त्याच्या खात्रीचा आदर म्हणून नव्हे. पैशाचा प्रश्न बाजूला सारून गरिबाचं एकटेपण सुंदर करून दाखवायचं आणि ते युरोपातल्या महोत्सवात न्यायचं, हेही एक प्रकारचं भांडवलच नाही का?

मला हा आक्षेप गंभीर वाटतो, तरी मी झू यांच्या बाजूने राहतो. त्यांनी पुसलेल्या गोष्टी आपण आधीच ओळखतो, आपल्या फोनवर त्या रोज दिसतात. पुसल्यामुळे खालचं जे दिसलं, ते एरवी दिसलंच नसतं. आणि ही माणसं यंत्रणेपासून मुक्त आहेत असा दावा फिल्म कुठेच करत नाही. ती इतकंच दाखवते की आकडा काढून घेतला तरी माणूस उरतो. एखाद्या माणसाचं लाइव्ह जाणं आणि त्या लाइव्ह जाण्याची किंमत ठरणं या दोन गोष्टी आपण इतक्या एकत्र बघत आलोय की त्या वेगळ्या असू शकतात हे विसरलो होतो.

यादी कोण लावतो

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. लीडरबोर्ड म्हणजे उतरत्या क्रमाने लावलेली यादी. सर्व्हरकडे हजार गोष्टींची नोंद असते. कोण किती वेळ ऐकत थांबलं, कोण महिनाभर रोज येतं, कोण परत आलं. त्यातला कुठला स्तंभ घेऊन यादी लावायची, ती कुणाला दाखवायची, दर सेकंदाला बदलायची की आठवड्याला, हे कुणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवतं. 'सगळ्यांत जास्त पैसे' हा स्तंभ निवडला जातो कारण त्या यादीमुळे पैसे आणखी पडतात. हे कुणाच्या दुष्टपणातून होत नाही, तिमाही टार्गेटमधून होतं. पण एकदा यादी स्क्रीनवर आली की तिच्यात खाली असलेल्या माणसाला ती निर्णय वाटत नाही, निकाल वाटते. स्वतःबद्दलचा निकाल.

हा निर्णय बदलता येतो याचा पुरावाही चीनमधलाच आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांनी प्लॅटफॉर्म्सना आदेश दिला की महिन्याभरात भेटींच्या रकमेवरून लावलेल्या याद्या काढून टाका आणि अल्पवयीन मुलांना भेटी देऊ देऊ नका. काय दाखवायचं हे हुकूम काढून ठरवणारं सरकार उद्या काय लपवायचं हेही ठरवतं, त्यामुळे टाळ्या वाजवायची घाई मी करणार नाही. पण ज्या यादीसाठी ली रडला, ती एका परिपत्रकाने काढता येत होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे तर यादीच काय, अख्खं मैदानच एका रात्रीत गेलं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं आणि बिगो लाइव्हही होतं. बिगो म्हणजे वायवायच्याच कंपनीने २०१९ मध्ये पूर्ण ताब्यात घेतलेला प्लॅटफॉर्म, म्हणजे शेन मान आणि लीच्या रूमचा भारतातला चुलतभाऊ. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण महाराष्ट्रातल्या गावागावांतली जी पोरं-पोरी या ॲप्सवर पहिल्यांदा 'मला जमतं' असं म्हणायला शिकली होती, त्यांचे फॉलोअर्स दुसऱ्या दिवशी कुठेच नव्हते. काही इन्स्टाग्रामवर गेले, काही यूट्यूबवर, अनेक थांबले. थांबलेल्यांना आपण सहज म्हणतो, टिकायला जिगर लागते. त्यांची जिगर तीच होती. ती ज्या दुकानातल्या वहीत लिहिली होती, ते दुकान बंद झालं.

म्हणून 'कॅमेऱ्यासमोर कॉन्फिडन्स कसा आणायचा' हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा की आकडा झाकला तर या कामातलं मला काय येतं, ते मला आणि आणखी दोन-चार जाणत्यांना सांगता येईल का? ज्याला सांगता येतं, त्याच्याकडे वाईट महिन्यातही उभं राहायला जागा आहे. याने पोट भरत नाही, हे मान्यच. घरभाडं आकड्यावरच चालतं आणि यादी लावणाऱ्यांना जाब विचारायचं काम एकेकट्या स्ट्रीमरने शिवणयंत्राकडे बघून होणार नाही. ते काम बघणाऱ्यांचं आहे, ॲप बनवणाऱ्यांचं आहे, कायदा करणाऱ्यांचं आहे.

पण तुम्ही स्वतः लाइव्ह जात असाल किंवा जायचा विचार करत असाल, तर या दोन फिल्म्स याच क्रमाने बघा. आधी वू यांची, कारण आपण कुठल्या खेळात उतरतोय ते कळायला हवं. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि झू यांची बघा. ती संथ आहे, मध्येच फोन हातात घ्यावासा वाटेल. शिवणयंत्रावरची बाई बोलत असेल तेव्हा तेवढा तो बाजूला ठेवा.